रात्री दोनला दारात कॅरलवाले

प्रिय मावशी, सलाम.

मी 41 वर्षांची. चिंचवडला राहते, एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मिस्टर भोसरीला कंपनीत. सासर नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. आमच्यात सासूबाई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. मार्चमध्ये सासरे प्रभूघरी गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच नाताळ.

24 तारखेच्या रात्री कॅरल पार्टी, म्हणजे नाताळची गीतं गाणारी चर्चची माणसं, सगळी घरं फिरून शेवटी आमच्याकडे येते, दीड-दोनच्या सुमाराला. शेवटचं घर म्हणून जेवणही आमच्याकडेच. हे सासऱ्यांनी सुरू केलं, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. पस्तीस-चाळीस माणसं, मटण-भाकरी. जिन्यातला दिवा कायम गेलेला, म्हणून ते टॉर्च घेऊन उभे राहायचे आणि एकेकाला "सावकाश, सावकाश" म्हणत वर घ्यायचे. सासूबाई म्हणतात, "ते गेले म्हणून त्यांची रीतही जाऊ द्यायची का? चर्चच्या मंडळीत काय तोंड दाखवू?" मुंबईचे दीर फोनवर सांगतात, "बाबांच्या वेळी व्हायचं तसंच झालं पाहिजे. मिशनच्या काळापासून आपल्या घरात नाताळ असाच होतो." ते स्वतः 25 ला दुपारी जेवायला येतात.

यंदा मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद आहे, बोनसही निम्माच मिळाला. पतपेढीतून 30 हजार उचलू म्हणतात. त्यात जेवण, सगळ्यांना कपडे, फराळ आणि मुलीनं हट्ट धरलेलं साडेचार हजारांचं ट्री. वर माझी 24 ची नाइट लागलीय. नाताळला सुट्टी मिळेल या बोलीवर मी दिवाळीत सलग ड्यूटी केली होती, ती रजा आता रद्द झाली. 25 ला सकाळी आठला सुटणार आणि नऊला उपासना.

खरं सांगू मावशी, यंदा मला काहीच वाटत नाही. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, पहिली मेणबत्ती लावली तेव्हा मनात एकच आलं, बापरे, साडेतीन आठवडेच उरले. महिला मंडळात मन मोकळं केलं तर एकीनं मार्था-मरीयेची गोष्ट ऐकवली: मार्था पाहुणचारात राबते, बहीण मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते, आणि येशू म्हणतो मरीयेनंच बरं निवडलं. लहानपणापासून ऐकतेय ती. आता ऐकली की राग येतो. माझा विश्वास कमी झालाय का?

तुमची,
एक दमलेली सून

ता.क. शेजारच्या काकू माळकरी आहेत. नाताळला मी दरवर्षी त्यांना केक देते. हसून घेतात, पण खात असतील असं वाटत नाही. अंड्याशिवायचा केला तर चालेल का?

---

सलाम, बाळ.

आधी मटणाचं बोलू, विश्वासाचं मागून. पोटाचा आणि पैशाचा घोळ डोक्यात असताना विश्वासाचं बोलणं कानावरून जातं, हे मी चाळीस वर्षं मंडळीच्या बाकावर बसून शिकले आहे.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन घेतलं आणि काय काय झालं पाहिजे त्याची यादी केली. सासूबाईंना काय हवं, दिरांना काय हवं, मिस्टरांना, मुलीला, सगळं तू नीट लिहिलं आहेस. फक्त एक गोष्ट सापडली नाही. 24 च्या रात्री तू वॉर्डात असणार, मग दोन वाजता चाळीस माणसांच्या भाकरी थापणार कोण? हा प्रश्न घरात कुणाच्या मनातच आलेला नाही. म्हणजे सगळ्यांनी गृहीत धरलंय की तू 23 ला रात्रभर जागून करशील आणि 24 ला तशीच कामावर जाशील. आणि रागावू नकोस, पण बहुतेक तूसुद्धा तेच धरून चालली आहेस.

तर यंदा जेवण नाही. चहा. आणि तोही रात्री दोनला नाही.

कॅरल पार्टीचा फिरायचा मार्ग दहा-पंधरा दिवस आधी ठरतो. तरुण संघाच्या सेक्रेटरीला आजच फोन कर, किंवा मिस्टरांना करायला लाव, तेच बरं. म्हणावं, आमचं घर शेवटी ठेवू नका, पहिलं ठेवा, संध्याकाळी सात-साडेसातला. मुलं जागी असतील, सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकतील, तूसुद्धा एखादं गीत ऐकून ड्यूटीला निघशील. चाळीस माणसांना अर्धा-अर्धा कप चहा म्हणजे तीन लिटर दूध पुष्कळ झालं. खारीचे पुडे आणि डबाभर चिवडा. कागदी कप आण, त्या रात्री कपबशा विसळत बसायला कुणी नको. कारण विचारलं तर एवढंच सांगायचं, "घरात पहिलं वर्ष आहे." आपल्या महाराष्ट्रात या चार शब्दांपुढे कुणी प्रश्न विचारत नाही. दुःखाच्या वर्षी सण करायचा नाही ही रीत आपल्या आज्यांनी ख्रिस्ती होतानाही गाठोड्यात बांधून आणली. कुठं पाळतात, कुठं नाही. मी ती नियम म्हणून मानत नाही, पण तिचा एक फायदा आहे. ज्या घरात वर्ष चालू आहे त्या घराला लोक सवलत देतात. ती घ्यावी. आणि तरुण संघाची पोरं नाराज होतील ही भीती काढून टाक. दोन वाजता त्यांना कुठंतरी शेवटचं घर मिळतंच. आमच्याकडे तर शेवटचं घर कुणाचं यावरून भांडणं व्हायची.

आता कर्जाचं. पतपेढीचा दर मला ठाऊक नाही. महिना दोन टक्के आणि मुदत एक वर्ष धरली तर 30 हजारांना हप्ता साधारण 2,840 रुपये पडतो. बारा हप्त्यांत 34 हजार जातात. शेवटचा हप्ता भरशील तेव्हा पुढच्या नाताळच्या करंज्यांचं सारण भाजत असशील. आजारपणाला, फीला, घराच्या गळतीला कर्ज काढावं लागतं, ते काढावं. एका रात्रीच्या रश्शाला काढू नये.

पण हा हिशेब मिस्टरांपुढे लगेच मांडू नकोस. त्यांना 30 हजार कशाला हवेत ते आधी बघ. थोरला मुलगा वडिलांच्या जागी पहिल्यांदा उभा राहतो ना, तेव्हा त्याला वाटतं सगळं गाव आपल्याकडे बघतंय. ओव्हरटाइम बंद, बोनस निम्मा, त्यात 'बापाचं घर याला राखता आलं नाही' असं कुणी म्हणू नये ही धास्ती. मटण आणि ट्री वरवरचं आहे, आतली गोष्ट ही आहे. तेव्हा जेवण झाल्यावर, मुलं झोपल्यावर, शांतपणे विचार की बाबांच्या वेळचं नेमकं काय ठेवायचं तुमच्या मनात आहे? रश्शाचं पातेलं बहुतेक त्यांच्या तोंडी यायचं नाही. कागद आणि हप्ता दुसऱ्या दिवशी काढ. मुलांना कपडे घ्या, मोठ्यांनी असलेले घालावेत. मी लग्नातली मोरपंखी पैठणी अकरा नाताळ नेसले. कुणी काही म्हटलं नाही, उलट बाराव्या वर्षी नवी नेसले तेव्हा दोघींनी विचारलं, "ती कुठं गेली?"

मुलीच्या ट्रीचं फार मनावर घेऊ नकोस. तिच्या हाती बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ दे, आणि दाराला लावायची चांदणी तुझ्या गळ्यात असं सांग. नववीतल्या मुलीला काम दिलं की ती हट्ट विसरते. नाही विसरली तर पुढच्या वर्षी बघू.

दिरांकडे वळते, कारण 'मिशनच्या काळापासून' हे शब्द वाचून मला हसू आलं. आपल्या नगरकडच्या मंडळ्या कुणी उभ्या केल्या? अमेरिकन मराठी मिशननं. त्यांचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, नगरला काम सुरू झालं 1831 ला. ती माणसं आली अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधून, प्युरिटन म्हणजे सणसमारंभ न मानणाऱ्या कडक वळणाच्या मंडळ्यांतून. आता गंमत ऐक. त्याच भागात, मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत, 1659 साली कायदा झाला होता की नाताळ म्हणून कुणी काम बंद ठेवलं किंवा मेजवानी घातली तर पाच शिलिंग दंड! पवित्र शास्त्रात येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही आणि सणाच्या नावावर लोक दारू पिऊन धिंगाणा घालतात, अशी त्यांची तक्रार. 1681 ला तो कायदा उठला, तरी नाताळची सरकारी सुट्टी त्या राज्यात 1856 ला आली. म्हणजे मिशनची पहिली माणसं मुंबईत उतरली तेव्हा त्यांच्या गावाकडे 25 डिसेंबरला सुट्टीसुद्धा नव्हती. त्यांनी आपल्याला मटण-भाकरीचा नाताळ शिकवला असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

मग आपला नाताळ कुठून आला? बराचसा आपल्याच माणसांनी केला. ढोलकी, टाळ, अभंगाच्या वळणाची भजनं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या माणसांनी प्रभूला मराठीत गायला शिकवलं. दिवाळी सुटली तरी जिभेवरची करंजी सुटली नाही, ती नाताळच्या ताटात आली. तुझ्या सासऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी शेवटच्या घराचं जेवण सुरू केलं तेही याच वाटेनं. त्यांना हौस होती, ऐपत होती आणि त्या रात्री घरात करणारे हात होते. दिरांना एवढंच सांग की बाबांनी स्वतःच्या काळात स्वतःला झेपलं ते केलं, आता आपण आपल्याला झेपेल ते करू. त्यांना मटण हवंच असेल तर त्याचीही सोय आहे, सांगते.

ख्रिस्ती वर्षाच्या पंचांगात 25 डिसेंबरला नाताळ सुरू होतो. संपत नाही! तो पुढे चालतो 6 जानेवारीपर्यंत, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळाच्या दर्शनाला आले त्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. आर्मेनियाची मंडळी तर ख्रिस्तजन्म आजही 6 जानेवारीलाच करते, आणि रशिया-इथिओपियाकडे तो येतो आपल्या 7 जानेवारीला. आपण मात्र नोव्हेंबरपासून दमायला लागतो, 25 ला दुपारी दोन वाजता पातेली घासतो, आणि 26 ला चांदणी उतरवायची की नको यावर वाद घालतो. हे बारा दिवस मोकळे पडलेले असतात. तेव्हा कुटुंबाचं जेवण 25 ला ठेवूच नकोस. नंतरच्या रविवारी ठेव, नाहीतर 1 जानेवारीला. दिरांना सांग, मटण तुम्ही आणायचं, मुंबईहून येताना नाही, इथं येऊन, सकाळी, रांगेत उभं राहून. भाकरी नणंदेच्या घरून. भात तुझ्याकडून. 25 ला दुपारी कुणी आलंच तर वरण-भात, पापड आणि फराळाचं ताट. सुधारलेल्या घरांत याला डबा पार्टी म्हणतात, आमच्या गावी याला नुसतं जेवण म्हणायचे, कारण कुणीच एकटीनं कधी केलं नाही.

सासूबाईंचं मात्र असं हसण्यावारी नेता येणार नाही.

माझे 'हे' गेले त्या वर्षी नाताळला घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की माझ्यापुढे त्यांचं नाव काढायचं नाही, मला त्रास होईल. दिवसभर लोक केकबद्दल बोलले, थंडीबद्दल बोलले. संध्याकाळी कामाला येणाऱ्या बाईनं सहज विचारलं, "साहेबांचा स्वेटर यंदा उन्हात नाही घातला?" आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. दिवसभरात त्यांची आठवण काढणारी तेवढी एकच.

तुझ्या सासूबाई मटणासाठी अडून बसल्या आहेत असं तुला वाटतं. माझ्या मते त्यांना भीती आहे की जेवण बंद झालं की त्यांच्या माणसाचं नाव घ्यायची शेवटची जागाही गेली. दोन वाजता चाळीस माणसं जिना चढताना 'काका' म्हणायची, ते आता कोण म्हणणार? मंडळीत काय तोंड दाखवू, हे म्हणायला सोपं म्हणून त्या तेवढं म्हणतात. त्यांच्याजवळ बस. हातात काहीतरी निवडायला घे, मेथी असो नाहीतर लसूण, समोरासमोर बसून असं बोलता येत नाही. आणि विचार, "बाबा ही कॅरल पार्टी का करायला लागले हो?" मला खात्री आहे, यामागे एक गोष्ट असणार आणि तुला ती ठाऊक नसणार. ऐकून झाली की कॅरलवाल्यांना सांगून ठेव, बाबांच्या आवडीचं एक गीत त्यांचं नाव घेऊन म्हणा. टॉर्च नातवाच्या हातात दे. पाचवीतला मुलगा आहे, 'सावकाश, सावकाश' म्हणायला त्याला शिकवावं लागणार नाही, त्यानं आजोबांना बघितलंय. फक्त सेल आधी काढून बघ. मार्चपासून पडून असतील तर पाझरले असतील.

तुझ्या नाइटबद्दल. बोलीवर दिलेली रजा रद्द करणं चूकच आहे, आणि पुढच्या वेळी बोली कागदावर घे, तोंडी नको. पण यंदाची रात्र काही टळत नाही, तेव्हा तिच्याबद्दल एक सांगते.

आमच्या गावाबाहेर दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरायचे. शेतात मेंढ्या बसवायच्या, खताला. शेतकरी त्याबद्दल धान्य द्यायचा. एकदा वडील रात्री ज्वारी पोचवायला गेले तेव्हा मला बरोबर नेलं. थंडी अशी की कंदिलाची काच हाताला बरी वाटत होती. सगळा वाडा जागा. एक बाई शेकोटीपाशी बसून नुकतंच जन्मलेलं कोकरू पुसत होती, मग तिनं ते स्वतःच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. आम्ही आलो-गेलो, तिनं मानही वर केली नाही. लूकच्या शुभवर्तमानातलं 'बाळंत्याने गुंडाळून' मी वाचते तेव्हा मला ते पातळ दिसतं. आणि मेंढपाळ म्हटलं की नाताळच्या नाटकातली खोट्या दाढीची मुलं दिसत नाहीत, तो जागा वाडा दिसतो. ख्रिस्तजन्माची बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना, म्हणजे रात्रपाळीवर असलेल्यांना. यावर उपदेश करायला जे उभे राहतात ते सगळे त्या रात्री आठ तास झोपून आलेले असतात, म्हणून त्यांच्या हा मुद्दा लक्षात येत नाही, त्यांना दोष नाही. तू वॉर्डात असशील, बारा वाजता कुणाची तरी सलाइन बदलत असशील. मंडळीतून गैरहजर आहे असं त्या वेळी मनात आणू नकोस.

आणि सकाळी आठला सुटल्यावर नऊच्या उपासनेला धावू नकोस. घरी ये, आंघोळ कर, झोप. हे लिहिल्याबद्दल मला दोन-तीन पाळकसाहेबांची पत्रं येतील, येऊ देत. रात्रभर जागलेली बाई नवी साडी नेसून बाकावर पेंगते, आणि शेजारीण कोपरानं ढोसते, यात कुणाची उपासना होते? मिस्टर मुलांना आणि आईला घेऊन जातील. 31 ला रात्री वर्षाअखेरची उपासना असते, तिला तू जा. मला विचारशील तर नाताळपेक्षा तीच मला जास्त जवळची. गर्दी कमी, कपड्यांची मिरवामिरव कमी, आणि सगळ्यांच्याच तोंडावर वर्षाचा थकवा असतो, तेव्हा कुणी कुणाला बघत नाही.

आता विश्वास.

मार्थेची गोष्ट ऐकून तुला राग येतो ना? मलाही यायचा. तरुणपणी मी एकदा महिला मंडळात उभी राहून विचारलं होतं की मरीया पायाशी बसली हे ठीक, पण त्या दिवशी पाहुणे उपाशी गेले का? कुणी उत्तर दिलं नाही, चहा आला. पुढं कधीतरी योहानाचं शुभवर्तमान नीट वाचलं आणि मार्था मला नव्यानं भेटली. लोक लूकच्या दहाव्या अध्यायात तिला सोडून देतात, पुढं जातच नाहीत. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ मेलेला असताना, घर दुःखानं भरलेलं असताना, येशू येतोय कळल्यावर उठून वेशीकडे जाते ती मार्था. तू वेळेवर आला असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं त्याला तोंडावर सुनावते तीही आधी मार्थाच. आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, हे त्याच ठिकाणी कबूल करते तीही तीच. येशूचा शिष्य पेत्र यानं दिली तशी साक्ष, एका कामात गुंतलेल्या बाईनं, रागाच्या भरात, सुतकाच्या घरात. मग बाराव्या अध्यायात बेथानीत पुन्हा जेवण आहे आणि तिथं लिहिलंय की मार्था वाढत होती. या वेळी तिला कुणी टोकलं नाही. तिनं काम सोडलेलं नाही, फक्त या वेळी तिची काही तक्रार नाही. एवढा बदल कसा झाला हे योहान सांगत नाही. पुढच्या वेळी कुणी तुला ती गोष्ट ऐकवली तर म्हण, "अर्धीच सांगितलीत, पुढची मी सांगते."

काहीच न वाटणं आणि विश्वास नसणं यांत फरक आहे. सासऱ्यांना जाऊन नऊ महिने झाले. तू नर्स, म्हणजे त्यांची शेवटची शुश्रूषा बहुतेक तूच केली असशील, आणि तू रडायला बसली असशील असं पत्रावरून वाटत नाही. त्यावर नाइट ड्यूटी, पैशाची ओढ. अशा वेळी आनंद होत नाही म्हणून देवापुढं गुन्हेगारासारखं उभं राहायचं कारण नाही. आगमनकाळ मुळात आनंदाचा नव्हेच, तो वाट बघण्याचा आणि अंधाराचा काळ. आनंद 25 नंतर. प्रार्थनेला डोळा लागतो तर लागू दे. लांब प्रार्थना महिनाभर बंद ठेव. कामावर जाताना बसमध्ये पवित्र शास्त्रातलं 13 वं स्तोत्र वाच, सहाच वचनं आहेत, चिंचवड स्टेशन यायच्या आत होतात. कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, असं देवालाच विचारत ते सुरू होतं. आणि एखादा दिवस फारच वाईट असला तर 88 वं. ते अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी उजाडत नाही, तरी ते शास्त्रात आहे आणि कुणी काढून टाकलेलं नाही.

पण बाळ, तू स्वतः नर्स आहेस म्हणून स्पष्ट लिहिते. पाळकसाहेबांना विश्वासाबद्दल विचारण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. एकेचाळिसाव्या वर्षी, पाळ्यांच्या ड्यूट्या करणाऱ्या बाईला बसल्या बसल्या झोप येते, त्याचं कारण सैतानच असतं असं नाही. आणि झोप, भूक, मन, हे सगळं दोन आठवड्यांच्या वर असंच उतरलेलं राहिलं तर डॉक्टरांशी बोल. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 वर आहे, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. तुझ्या पेशंटला तू हेच सांगितलं असतंस.

राहिल्या काकू. अंड्याशिवायचा केक कर, पण माळकरी माणूस नुसतं अंडं नसल्यानं समाधान पावेलच असं नाही. भांडं कुठलं, ओव्हन कुठला, सोड्याबरोबर आणखी काय पडलं, ही शंका त्यांच्या मनात असणार आणि ती बोलून दाखवणं त्यांना जड जात असणार. मार्गशीर्षातले गुरुवार असले तर आणखीच. तू सरळ विचार, "काकू, तुम्हाला आमच्या घरचं काय चालेल?" करंजी चालेल म्हणाल्या तर पहिला घाणा नव्या तेलात त्यांचा काढ. काहीच शिजवलेलं नको म्हणाल्या तर केळी आणि खजूर. मात्र केक एकदम बंद करू नकोस, आधी चौकशी कर. इतकी वर्षं तो त्यांच्या कामवाल्या बाईच्या नातवानं खाल्ला असणार, आणि तो पोरगा डिसेंबर लागल्यापासून बोटं मोजत असेल.

तुझी,
मावशी